आईचं नाव परत घे

प्रिय उत्कर्षदादा,

जयभीम. ‘प्रिय’ लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं, त्यावर भाळू नकोस.

मंगरूळपीरच्या स्टँडवर तुझा भलामोठा फ्लेक्स लागलाय. गळ्यात कॅमेरा, बाजूला तो निळ्या गळ्याचा पक्षी, खाली ‘वाशिमचा सुपुत्र’. व्हिएतनामच्या जंगलात आजवर कुणी न नोंदवलेला पक्षी तू टिपलास, हे आता चहाच्या टपरीवरही सगळ्यांना पाठ झालंय. शाळेत शिकवायला जाताना मी रोज त्या फ्लेक्सखालून जाते आणि रोज मान फिरवते. तुला वाटेल, रूपा जळते. खुशाल वाटू दे.

आई गेल्यावर मी कुणाशी बोलेना, तेव्हा हिला चार दिवस सोबत ने, असा बाबांनी तुझ्यामागे लकडा लावला, म्हणून तू मला व्हिएतनामला नेलंस. नसतं नेलंस तर बरं झालं असतं. त्या पक्ष्याचा खोपा पानांच्या आड होता, आत दोन पिल्लं. तुझ्या फोटोत पानं येत होती. आपला वाटाड्या पाणी आणायला ओढ्यावर उतरला आणि तू खिशातून चाकू काढून खोप्यावरची डहाळी कापलीस. मी हात धरला, तो झटकलास. मग उजेड छान पडला, फोटोही छान आला. दुसऱ्या दिवशी गेलो तर पिल्लं उन्हानं मरून पडलेली, मुंग्या लागलेल्या. जंगलात हे चालायचंच, असं तू मला म्हणालास आणि वाटाड्याला सांगितलंस, वाऱ्यानं फांदी मोडली. किती सफाईनं खोटं बोलतोस रे!

कामरगावचं आपलं वावर आठवतं का? पेरणीआधी टिटवीनं मातीत अंडी घातली की आई त्यांच्याशेजारी पळसाची डहाळी रोवायची, ट्रॅक्टरवाल्याला दिसावी म्हणून. एकदा दौलतसिंग ट्रॅक्टर घेऊन सरळच येत राहिला, तर आई त्याच्या आडवी उभी राहिली. “काहून रे, तुले डहाळी दिसून नाही राह्यली का? वळव तिकडून, लेकरायचं घर आहे ते!” तूही तेव्हा बांधावर होतास, माझ्याइतकंच ऐकलंस. बाबा अजूनही दरवर्षी डहाळी रोवतात. तू त्याच घरात वाढलास, याची मला लाज वाटते.

तरीही मी दातओठ खाऊन गप्प बसले असते. शाली घे, नारळ घे, पेपरात ये, माझं काय जातं? पण काल बाबांचा फोन आला. आनंदानं रडत होते. त्या पक्ष्याला तू आईचं नाव सुचवलंयस, वच्छला, आणि रविवारच्या सत्कारात ते जाहीर करणार आहेस. म्हणून हे पत्र. ते नाव परत घे, आणि डहाळी कुणी कापली ते बाबांना तुझ्या तोंडानं सांग. नाहीतर रविवारी मी स्टेजवर येईन. दुसऱ्या दिवशीचा एक फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे, तो तू कधी पाहिला नाहीस. चोचीत अळी धरून त्या पिल्लांची आई खोप्यापाशी बसली आहे, त्यांना भरवायला. आईचं नाव द्यायचंच असेल, तर त्या फोटोला दे.

बदलता येत नाही म्हणून अजून तुझीच बहीण,
रूपा