गाव निरोगी निघालं, त्याचा खुलासा

मु. पिंपळझरी, मंडल जैनथ, जिल्हा आदिलाबाद
संक्रांतीनंतरचा दुसरा सोमवार, १९८९

श्रीयुत सुधाकरराव यांस पैनगंगेच्या अलीकडून उद्धवरावाचा पलीकडे रामराम. तुमची, वहिनींची आणि लेकरांची प्रकृती ठणठणीत आहे असं धरून चालतो. (‘धरून चालतो’ हे मुद्दाम लिहिलं. तसं तुम्ही उलटटपाली कळवलंत तरी माझा त्यावर आता विश्वास बसणार नाही. का, ते पुढं येईल.) तुमच्या भगिनी मालनबाई शुक्रवारच्या गाडीनं पांढरकवड्याला सुखरूप पोचल्या असतील. त्या अशा अचानक माहेरी का आल्या, हे त्यांनी त्यांच्या पद्धतीनं सांगितलंच असेल. त्यांची पद्धत म्हणजे शेवट आधी सांगायचा आणि कारण आपल्याला ओळखायला लावायचं. म्हणून मी सगळी हकीकत क्रमवार लिहितो. खुलाशापलीकडे या पत्राचा कोणताही हेतू नाही.

आमच्या गावात हैद्राबादच्या एका संस्थेनं कापसाच्या जुन्या गोदामात दवाखाना काढला, हे तुम्हाला ठाऊक आहे. लोक त्याला धर्माचा दवाखाना म्हणतात. हे चूक आहे. धर्माचा म्हणजे फुकट. इथं चिठ्ठीचे दोन रुपये पडतात, आणि नसतील तर पडत नाहीत. हा फरक मी प्रत्येकाला थांबवून समजावतो. ते मान हलवतात आणि ‘धर्माचा दवाखाना’च म्हणत पुढं जातात. हा दवाखाना आला तो माझ्या अर्जामुळं. अर्ज तेलुगूत होता आणि तेलुगू मी कोणा मास्तराकडून शिकलेलो नाही. बसच्या पाट्या आणि खताची पोती वाचून शिकलो. (त्यामुळं अर्जात ‘भरघोस’, ‘एकरी’ आणि ‘कोरड्या जागी ठेवावे’ असे शब्द थोडे जास्त आले, पण संस्थेला अर्थ लागला.) तेव्हापासून गावच्या दवाखाना कमिटीचा मी अध्यक्ष आहे. डॉक्टरीणबाई सुगुणा गोदावरीच्या खालच्या अंगाच्या. रागावण्यापुरतं मराठी त्यांना पहिल्याच पावसाळ्यात आलं, बाकीचं माझ्यामार्फत चालतं. मागल्या पावसाळ्यात नाल्यानं रस्ता खाल्ला होता, बैलगाडीसुद्धा जैनथपर्यंत जाईना, तेव्हा नागोरावची सून याच गोदामात सुखरूप बाळंत झाली. ती नात आता आमच्या अंगणात येऊन माझा पेपर फाडते. तेव्हा दवाखाना काय आहे, हे गावाला वेगळं सांगायला नको.

तर संस्थेचे सेक्रेटरी साहेब स्वतः येऊन पाहणी करणार, असं सुगुणाबाईंनी मला पडल्या चेहऱ्यानं सांगितलं. बेज्जूरच्या जंगलाकडची गावं डॉक्टर मागून राहिली आहेत, संस्थेजवळ डॉक्टर कमी, तेव्हा जिथं आजार जास्त तिथं बाईंना धाडायचं असं ठरत होतं. मी म्हटलं, एवढंच ना, आजाराच्या बाबतीत आमचं गाव कोणाला हार जाणार नाही. अडचण वेगळीच होती. आमच्या लोकांना आजार होतो, पण सांगता येत नाही. बयनाबाईला विचारा कुठं दुखतं, ती म्हणते, “सगळीकडंच दुखते बाप्पा, कुठं कुठं सांगू?” हे काही वर्णन झालं? म्हणून मारुतीच्या ओट्यावर मी सर्व रोग्यांची तालीम घेतली. बयनाबाईनं सांगायचं: डावा पाय, घोट्याच्या खाली, जखम भरत नाही, ऊन उतरलं की आग होते. नागोरावनं सांगायचं: एक दिवसाआड थंडी वाजून ताप, आधी दात वाजतात, मग पाठ. (तो आधी पाठ म्हणत होता. मी क्रम दुरुस्त केला.) दवाखान्यातला कंपाउंडर चंपत तिथून जाता जाता म्हणाला, “काका, शाळा तपासायले येऊन राह्यले का साहेब?” मी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

प्रत्यक्ष दिवशी मी गोदामात पाय ठेवला आणि मला वाटलं मी चुकून कोणाच्या लग्नात आलो. मी सगळ्या गोष्टींची सूचना दिली होती, एक कपड्यांची राहिली. रोगी झाडून सगळे आंघोळ करून, कडक धोतरं आणि संक्रांतीची लुगडी नेसून, हातात तिळगूळ घेऊन रांगेत बसलेले. बयनाबाईनं पायाची पट्टी सोडून टाकली होती. मी विचारलं काऊन सोडली, तर मलाच म्हणाली, “पाव्हण्यासमोर चिंधी बांधून बसू का?” नागोरावच्या तापाची पाळी नेमकी त्या दिवशी होती, इतका नेमका रोगी शोधून सापडला नसता, पण घोंगडं फाटकं आहे म्हणून ते घरी ठेवून तो पोराच्या लग्नातला कोट घालून आला होता आणि कोटासकट थरथरत होता.

साहेब जीपमधून उतरले. माणूस अतिशय सज्जन, आणि सगळा घोटाळा त्या सज्जनपणामुळंच झाला. आमच्या लोकांना बरं वाटावं म्हणून त्यांनी वाटेत ड्रायव्हरकडून एक मराठी वाक्य पाठ केलं होतं. प्रत्येकापुढं वाकून, हात जोडून ते म्हणायचे, “कसं काय? बरं आहे ना?”

आता सुधाकरराव, तुम्हीच सांगा. परगावचा मोठा माणूस दारी आलेला, हात जोडून विचारतो बरं आहे ना, तर आपल्या मुलखात याला उत्तर काय आहे? एकच आहे. नाही म्हणणं म्हणजे आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. त्यामुळं तालीम गेली ओट्यावर राहून, आणि बयनाबाई तो पाय लुगड्याखाली ओढून घेत म्हणाली, “बरं हाय बाप्पा, तुमच्या आशीर्वादानं. तुमी जेवले का?” नागोरावचे दात वाजत होते, त्या दातांमधून तो म्हणाला, “एकदम मजेत हाय साहेब.” साहेबांनी कोटाकडं बघून विचारलं, हे का हलतायत? तर तो म्हणाला आनंदानं. दम्याचे रामाजी बोललेच नाहीत, खोकला येईल म्हणून श्वास कोंडून नुसते हसले. रांगेच्या टोकापर्यंत एकही माणूस आजारी निघाला नाही. सुगुणाबाई मागं कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

तुम्ही म्हणाल, दुभाषा तुम्ही होतात, थोडं इकडचं तिकडं करायचं होतं. हीच तर गोष्ट आहे. मी आजवर कोणाच्या तोंडचं वाक्य बदललेलं नाही. माणूस जे बोलला तेच पलीकडं पोचलं पाहिजे, नाहीतर दुभाष्यात आणि गावातल्या चहाडखोरात फरक काय राहिला? तेव्हा मी घाम पुसत शुद्ध तेलुगूत सांगत गेलो, की ही बाई बरी आहे आणि आपण जेवलात का विचारते. हे गृहस्थ मजेत आहेत आणि आनंदानं हलतात.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, इतकं निरोगी गाव मी या जिल्ह्यात पाहिलं नाही, ही सुगुणाबाईंची आणि कमिटीच्या अध्यक्षांची पुण्याई. आता बाईंना बेज्जूरकडं न्यायला माझं मन मोकळं झालं. हेही मी मराठीत सांगायला लागलो. पहिल्या भागाला लोकांनी इतक्या टाळ्या पिटल्या, की दुसरा भाग कोणाला ऐकूच गेला नाही. (टाळ्या विशेषतः ‘अध्यक्षांची’ या शब्दाला पडल्या, हे केवळ हकीकत पूर्ण व्हावी म्हणून लिहितो.)

इतक्यात तुमच्या भगिनी साहेबांसाठी चहाची किटली घेऊन आल्या. सुगुणाबाईंचे डोळे भरलेले बघून त्यांनी काय झालं ते काढून घेतलं. मग किटली खाली ठेवली आणि मला, म्हणजे कमिटीच्या अध्यक्षाला, दंड धरून बाजूला नेत म्हणाल्या, “तुमी साहेबाले घेऊन त्या तट्ट्यामागं बसा. अन् खोकू नका.” औषधांच्या खोक्यांपुढं आडोशाला बांबूचा तट्टा उभा आहे, मागल्या दारानं त्याच्यामागं शिरून मी आणि साहेब एकाच खोक्यावर बसलो. चंपतनं पाव्हणे जीपकडं गेल्याची आवई उठवली. मालनबाई बायांमध्ये फतकल मारून बसल्या, पानाची पिशवी सोडली, आणि कोणालाच काही न विचारता नुसता उसासा टाकला. म्हणाल्या, “माह्या कंबरेचं तं काही खरं नाई वं.”

बस्स! बयनाबाई उसळली. “कंबरेचं काय घेऊन बसली माय? हा पाय पाह्य माहा. दिवाळीपासून भरत नाई. चुलीत घातल्यासारखी आग होते.” लगेच कुसुमबाई म्हणाली, तुझा निदान पाय आहे, मला तर जिना चढल्यासारखी छाती धडधडते, अन् गावात जिना कुठं आहे? नागोराव कोट काढून फेकून म्हणाला, “तुमचं सोडा बायानो. परवा या तापानं मले खाटेसकट हालवलं, खाटेचा पाय मोडला.” रामाजींनी कोंडून ठेवलेला सगळा खोकला एकदम सोडला. जो तो दुसऱ्याच्या वरचढ दुखणं काढत होता, आणि मी शिकवलं त्यापेक्षा कितीतरी नेमकं सांगत होता. तट्ट्यामागं मी साहेबांच्या कानात तेलुगू ओतून राहिलो होतो आणि साहेब माझं मनगट धरून म्हणत होते, हळू, हळू.

मग मालनबाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, उजवा हात दोन वर्षांपासून खांद्याच्या वर जात नाही. शिंक्यावरचं दूध काढायला पाटावर चढावं लागतं. वेणी घालायची तर डोकं खाटेच्या माचव्यावर टेकवून घालावी लागते. मी हे सगळं साहेबांना सांगितलं. वाक्याच्या ओघात मी कोणाबद्दल बोलतो आहे, हे माझ्या थोडं उशिरा लक्षात आलं. तिकडं बयनाबाईनं विचारलं, “अन् घरी नाई सांगितलं वं?” मालनबाई म्हणाल्या, “हे रोज विचारतात, बरं हाय ना? विचारतात अन् पेपर उघडतात. मंग मी बरं हाय म्हणते.”

मी हेही सांगितलं. शब्द न् शब्द. साहेबांनी हळूच विचारलं, कोण हा नवरा? गावातच असतो का? मी म्हटलं, “असतो. दुभाष्याचं काम करतो.”

साहेबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि तट्ट्याबाहेर जाऊन जाहीर केलं, की दवाखाना इथंच राहील, बेज्जूरसाठी ते दुसरा डॉक्टर शोधतील, वेळ पडली तर स्वतः जाऊन बसतील. त्यांच्या सांगण्यावरून दाराशी दोन भाषांत पाटी लावली आहे: ‘बरं आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी आत यावे.’ अक्षर माझंच.

सुगुणाबाईंनी मालनबाईंचा खांदा तपासला. म्हणाल्या, सांधा आखडला आहे, व्यायाम आणि विश्रांती. पाणी शेंदणं बंद, कापूस वेचणं बंद. मालनबाईंनी विचारलं, “विश्रांती कुठं भेटते?” सगळं गोदाम माझ्याकडं बघायला लागलं. मी म्हटलं, घरी, दुसरं कुठं? त्यावर चंपतला नेमकं आठवलं, की साहेब, ड्रायव्हर आणि अख्खी कमिटी यांना मी आमच्या घरी पुरणपोळीचं आमंत्रण देऊन बसलो होतो. मालनबाईंनी तो स्वयंपाक बयनाबाईच्या सुनांकडून करवून घेतला, पाव्हण्यांना पोटभर जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरली. झालं ते इतकंच. भांडण वगैरे काही झालेलं नाही. वहिनींना नमस्कार, लेकरांना तिळगूळ वेगळा धाडतो.

आपला,
उद्धवराव
(अध्यक्ष, दवाखाना कमिटी)

ता. क. व्यायाम असा: भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी. रोज कालच्यापेक्षा थोडं वर. बोटं कुठवर पोचली तिथं कोळशानं खूण करावी. आणि झाला का व्यायाम, असं त्यांना विचारू नका. भिंत बघा.

आणखी एक. विहिरीवर रहाट बसवला आहे. घरातलं शिंकं, कपड्यांची दांडी, डब्यांची फळी आणि देव्हारा हे सर्व मी मालनबाईंच्या खांद्याच्या उंचीला खाली घेतलं. माप त्यांच्याच उंचीच्या कुसुमबाईला उभं करून काढलं, त्यामुळं चूक असण्याचा संभव नाही. फक्त मी उंच असल्यामुळं येता जाता खालून वाकताना कपाळ दांडीला लागतं. टेंगूळ बघून सुगुणाबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून ‘बरं आहे’ निघून गेलं. त्यांनी बोटानं माझीच पाटी दाखवली.

शेवटचं. गाय मला दूध देत नाही. भाकरी मी थापतो. ती गोल नसते, पण भाकरी असते. संध्याकाळी पेपर उघडण्याआधी सवयीनं मी अजून विचारतो, बरं आहे ना? घरात उत्तर द्यायला कोणी नसतं. खांदा मोकळा होईस्तोवर त्यांना मुळीच इकडं धाडू नका, मी आणायला येईन. मात्र त्यांनी विचारलं, ‘हे’ कसे आहेत, तर तुम्ही पाव्हण्यासारखं बरे आहेत म्हणाल, ते म्हणू नका. मी बरा नाही. जसंच्या तसं सांगा, मधलं काही बदलू नका.