सहा नंबरची भिंत

मंगळवार, २ एप्रिल

प्रिय टिल्ल्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट शुक्रवारी पोचलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्ही तिघंही बरे असाल असं धरून चालते.

आईचा गुडघा आता तिला जिना चढू देतो, उतरताना मात्र छळतो. डॉक्टरीणबाईंनी रोज वीस मिनिटं चालायला सांगितलंय. आईने त्यावर तोडगा काढला. दुकानात येते, या टोकाच्या स्टुलावरून उठून त्या टोकाच्या स्टुलावर जाऊन बसते आणि "झाली वीस" म्हणते. हल्ली स्टुलं मोकळीच असतात, त्यामुळे तिची कोणाला अडचण होत नाही.

पोरीच्या पायाचा कागद मिळाला. पेन्सिल फिरवताना तिला गुदगुल्या झालेल्या दिसतायत, डावा अंगठा पार वाकडा आलाय. तरी मला माप कळलं. गेल्या वर्षीपेक्षा दीड नंबर वाढलीय कार्टी! उजवा पाय डाव्याहून किंचित मोठा आहे, थेट तुझ्यासारखा. उजव्याच्या मापाने बूट काढून ठेवलेत.

पाकिटात तुमच्या आकडेवारीच्या ऑफिसचा अहवालही होता. सतराव्या पानावर तू खूण करून ठेवलीस. "विभागातील किरकोळ विक्रीत मागील तिमाहीपेक्षा साडेसहा टक्के वाढ. पादत्राणांत सर्वाधिक, अकरा टक्के." बाजूला पेनने लिहिलंस, "बघ ताई, तुझा धंदा जोरात!" मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग आपली स्टुलं रिकामी का गं?" मी म्हटलं, अगं, ती सगळ्या विभागाची सरासरी असते. सरासरी म्हणजे काय ते तिला समजावताना माझ्या नाकी नऊ आले.

अकरा टक्के खरेच असतील. समोरच्या फुटपाथवर ते काचेचं तीन मजली दुकान झालंय ना, त्यांच्या विक्रीत आमची घट मिळवली की बरोबर अकरा येत असतील. तुझी बेरीज कधी चुकत नाही, हे मला ठाऊक आहे. तुला बेरीज शिकवली कोणी?

आठवतं का, बाबा प्रत्येक विकलेल्या जोडाच्या खोक्यावरची चिठ्ठी फाडून बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. तीन महिन्यांनी डबा जमिनीवर उपडा करायचा आणि आपण दोघांनी चिठ्ठ्या लावायच्या. मी रंगाने लावायचे, तू नंबराने. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा. शाळेत जायच्या आधी तुला शंभरापर्यंत येत होतं ते त्या गठ्ठ्यांमुळे. बाबा म्हणायचे, माणूस तोंडाने थापा मारेल, पाय थापा मारत नाही. ते गेल्यावरही मी डबा चालू ठेवला. मला कॉम्प्युटर घे म्हणून तू मागे लागायचास, मी ऐकलं नाही.

बरं, दुकानात कोणीतरी आलंय. उठते.

गुरुवार, ४ एप्रिल

परवा कोणी आलं नव्हतं. मीच उठले.

वर एवढं लाडीगोडीने लिहिलं ते फाडून टाकणार होते. मग म्हटलं, राहू दे. अकरा वर्षं मी तुला असंच लिहीत आलेय, शेवटपर्यंत तसंच लिहायला जमतं का बघावं म्हटलं. नाही जमत.

या तिमाहीचे फॉर्म आलेत. पाच दुकानांचे पाच, नेहमीसारखे माझ्याच पत्त्यावर. आपली ती रीत तुला माहीत आहेच, तूच कौतुकाने ऑफिसात सांगत होतास. शनिवारी दुपारी दुकानं बंद झाली की सगळे माझ्याकडे येतात. भांडीवाले, शिंपीदादा, दिवेवाल्या बाई आणि वहीवाले काका. माप घ्यायच्या स्टुलांवर बसतात, मी चहा करते आणि आम्ही फॉर्म भरतो. काय खपलं, किती खपलं, कुठला माल मागून मागून संपला. काकांना अक्षर नीट दिसत नाही, म्हणून ते आकडे सांगतात आणि मी लिहिते.

हे लोक मुळात तयार नव्हते, टिल्ल्या. तुला नवी नोकरी लागली होती, तुझ्या साहेबाने दुकानांचे आकडे गोळा करायला हा रस्ता तुला दिला होता आणि एक दुकानदार दारात उभं करत नव्हता. भांडीवाले तर म्हणाले, "माझ्या दुकानात काय खपतं ते जगाला सांगायला मला वेड लागलंय का?" मग मी दारोदार फिरले. म्हटलं, माझा भाऊ आहे तो. कागद त्याच्या हातात जाणार, बाहेर फक्त टक्के येणार. मी शब्द देते. काका म्हणाले, "तू म्हणतेस ना पोरी? मग झालं."

आता गेल्या जुलैतला माझा घोटाळा आठव. पांढऱ्या कॅनव्हासच्या सहा नंबरच्या सुट्या चिठ्ठ्या सव्वीस होत्या. मी चिटोऱ्यावर नुसतं सव्वीस लिहिलं आणि फॉर्म भरताना ते गठ्ठे समजून दहाने गुणलं. झाले दोनशे साठ. पाकीट टपालात पडल्यावर माझ्या लक्षात आलं. लगेच तुला फोन केला. तू हसलास. म्हणालास, "राहू दे गं ताई, एवढ्या मोठ्या बेरजेत सव्वीस काय नि दोनशे साठ काय!"

तू विसरलास. मी विसरले नव्हते.

नोव्हेंबरात ते समोरचं दुकान उघडलं. आठवड्याने मीही गेले बघायला. शेजारधर्म म्हण, खाज म्हण. आत शिरल्याबरोबर काळे रुंद पंजाचे जोड दिसले, पॅकिंग कारखान्यातल्या बायका घेतात ते. त्या बायका आठ-आठ तास उभ्या असतात, संध्याकाळी पाय सुजतात, म्हणून त्यांना अर्धा नंबर मोठा द्यावा लागतो. हे कळायला मला सहा वर्षं लागली होती. यांनी पहिल्याच आठवड्यात तेच नंबर, त्याच प्रमाणात मांडले होते. मला वाटलं, हुशार आहेत लेकाचे.

मग जिन्याजवळची भिंत बघितली. खालपासून वरपर्यंत पांढरे कॅनव्हास. एक जोड उचलला, सहा. दुसरा, सहा. तिसरा, सहा. विकणाऱ्या मुलीला विचारलं, एवढे सहा कशाला गं? ती म्हणाली, "या भागात सहा नंबर पांढरा फार चालतो, मावशी. वरून यादी आलीय." मी हसले. खरंच हसले! म्हटलं, कोण हा शहाणा? आणि घरी येऊन पायातल्या चपला काढता काढता मला कळलं, हा शहाणपणा माझाच. या जगात सहा नंबरच्या पांढऱ्याचे दोनशे साठ जोड खपल्याचं एकाच कागदावर लिहिलेलं आहे.

त्या दिवशी जेवण गेलं नाही. आईला सांगितलं, पित्त झालंय.

मी स्वतःलाच समजावत राहिले. कागद दुसऱ्याच्या हाती पडला असेल, कपाट उघडं राहिलं असेल, तुझ्या नकळत झालं असेल. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला काय विचारायचं? मग मी एक गोष्ट केली. ती तुला सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते. जानेवारीच्या फॉर्मवर मी जन्मात पहिल्यांदा खोटं लिहिलं. लहान मुलींचे मरून पट्ट्याचे बूट, खपले एकशे ऐंशी. खपले होते दोन, आणि त्यातला एक परत आला. पाकीट बंद करताना मी हात जोडले. म्हटलं, देवा, समोरच्या दुकानात मरून दिसू देऊ नकोस.

तीन आठवड्यांनी त्यांची अख्खी शोकेस मरून झाली.

तरीही मी तुला सोडवत होते. कपाट, शिपाई, कोणीतरी दुसरा. आणि मग फेब्रुवारीत तुझा फोन आला. आईची चौकशी केलीस, गुडघ्याची केलीस आणि ठेवता ठेवता म्हणालास, "ताई, ते मरून पट्ट्याचे खरंच खपतायत का गं?" अकरा वर्षांत तू मला एका बुटाचा रंग विचारला नव्हतास. मरून पडून राहिल्यावर तिकडून कोणीतरी तुझे कान उपटले असणार. मी म्हटलं, हो रे, हातोहात. तू म्हणालास, "मग ठीक." तुझ्या आवाजात हायसं वाटलेलं मला ऐकू आलं.

काय मिळालं तुला, ते मला सांगू नकोस. त्यात माझं काही अडलेलं नाही. पण एक विचारते. ते पाकीट त्यांच्या हातात देताना वर माझं अक्षर होतं ना रे? त्याच अक्षरात तुझ्या शाळेच्या पुस्तकांवर तुझं नाव घातलेलं होतं. केसाने गळा कापलास तू माझा, आणि वर अहवालात खूण करून पाठवलीस, तुझा धंदा जोरात!

माझं दुकान जाईल. कदाचित नाहीही जाणार, वाकड्या पायांना आणि सुजलेल्या पायांना अजून माझंच स्टूल लागतं. त्यासाठी मी हे पत्र लिहीत नाहीये. समोरच्या दुसऱ्या मजल्यावर पुढच्या महिन्यात नवा विभाग उघडतोय. बाहेर फळा लागलाय. भांडी आणि वह्या-पुस्तकं. कालच काका फळ्याखाली उभे राहून मला विचारत होते, "काय लिहिलंय गं पोरी?" मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांना कशा कळणार आमच्या शाळांच्या वह्या? प्रत्येक शाळेची रेघ वेगळी." कुठल्या शाळेला कुठली रेघ, किती पानी, कुठल्या महिन्यात, सगळं मीच लिहिलंय त्यांच्या फॉर्मवर. अकरा वर्षं, माझ्या हाताने, त्यांना चहा पाजून. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, टिल्ल्या. तुला ते ओळखतसुद्धा नाहीत.

मग ते जाता जाता म्हणाले, "शनिवारी बसू ना फॉर्म भरायला?" मी म्हटलं, या शनिवारी नको काका, पुढच्या.

म्हणजे तेरा तारीख. दुपारी दोनला सगळे येतील. पाच स्टुलं मी मांडीन, सहावं तुझं. तू यायचं, काकांच्या समोर बसायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं की कागद कुठे गेले. कोणाकोणाचे गेले आणि कोणाचे वाचले, तेही. मग त्यांना तुझ्या साहेबाकडे जायचं असेल तर जातील, मला शिव्या द्यायच्या असतील तर देतील. मी शब्द दिला होता, मी ऐकून घेईन. तू आला नाहीस तर सव्वादोनला मी सांगेन. पाचही फॉर्म कोरेच आहेत आणि कोरेच तुमच्या ऑफिसला परत जातील, वर कारण लिहून. तुझी नोकरी जाईल, हे मला कळतं. पण लिहीन.

फोन करू नकोस. फोनवर तू हसतोस आणि मी ऐकते.

आईला यातलं काही माहीत नाही. तू तेराला येशील असं मी तिला कालच सांगून बसलेय, का ते देव जाणे. तेव्हापासून तिने तीनदा स्टुलं पुसली.

पोरीचे बूट सोबतच्या खोक्यात आहेत. घालताना नाडी वरून दोन भोकं सोडून बांध, उजवा दाबणार नाही. खोक्यावरची चिठ्ठी मी फाडलेली नाही, हा जोड मोजायचा नाही. तिला सांग, आत्याने पाठवलेत. ते तर कधीच बदलायचं नाही.

तुझ्यासाठी खाली काय लिहावं ते मला ठरवता येत नाहीये. आलास तर नेहमीचंच, तुझी ताई. आणि सहावं स्टूल रिकामं राहिलं, तर तुमच्या फॉर्मच्या तळाशी इतकी वर्षं लिहिते तेवढंच,

माहिती देणार,
दुकान क्रमांक सात