पट्टी सुटल्यावरचा पहिला कप

मंगळवार, दि. ११ मार्च, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. छत्तीस कप फळीवर पालथे घालून नुकताच लिहायला बसलो आहे.

ती. मावशीस वाकून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर उभं राहायचं आणि घरी येऊन पुन्हा ओट्याशी, तेव्हा पायांना तेल लावत जा. माझी तब्येत उत्तम आहे. फक्त आठ दिवस झोप नाही आणि जेवण जात नाही.

आमच्या उस्तादांचा लाल रंग तुला माहीत आहेच. मातीच्या कपांवर चढवायच्या त्या झिलईत, म्हणजे चकचकीत लेपात, तांबं असतं. कच्ची असताना ती राख कालवलेल्या पाण्यासारखी दिसते, रंग भट्टीतच येतो. मोकळी हवा मिळाली की हिरवा, हवा कोंडून धूर राखला की लाल. मोतीबिंदूमुळे उस्तादांना हल्ली माणूस आणि दार यांतला फरक कळत नाही (परवा ते दाराला "बस" म्हणाले), म्हणून यंदा भट्टी प्रथमच माझ्या हाती आली. नजर होती तेव्हा त्यांनी स्वतः कालवलेल्या झिलईची शेवटची बादली याच कपांना लावली होती. "धुराड्याची झडप अर्धीच ठेव. बाकी काही करू नकोस," एवढंच ते म्हणाले. मी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. पण दुपारी काळा धूर थेट शेजारणीच्या पांढऱ्या चादरींकडे निघाला. ती गच्चीवरून म्हणाली, "काय रे, या चादरी तू धुऊन देणार आहेस का?" मी घाबरून झडप पूर्ण उघडली. धूर नाहीसा झाला आणि मला वाटलं, किती नीटनेटकं काम झालं. (हेही वहीत लिहिलं आहे.)

भट्टी निवल्यावर उघडली तर सगळेच्या सगळे हिरवे. उस्तादांनी एक कप हातात घेऊन विचारलं, "लाल कसा आलाय रे?" मी म्हणालो, "चांगला." पण ते रोज सकाळी विचारतात, आणि रोज तेच उत्तर देणं बरं दिसत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी गडद म्हणालो, मग विटेसारखा, आणि काल तर डाळिंबाच्या दाण्यासारखा. आता ते म्हणतात, ऑपरेशन होऊन डोळ्याची पट्टी सुटली की पहिल्यांदा हाच कप दाखव.

तुझा भाचा

ता. क. १ : त्यांच्या ऑपरेशनची तारीख तुझ्याच रजिस्टरात आहे. ती तीन आठवडे पुढे ढकल. तेवढ्यात मी वहीत बघून झिलई कालवतो आणि पुन्हा भट्टी लावतो.

ता. क. २ : चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितो आहे. आत्ता काकू (उस्तादांची बायको) म्हणाल्या, "त्यांना पहिल्याच दिवशी कळलंय. धुराचा वास थांबला तेव्हाच म्हणाले, गेला लाल. तू सांगशील म्हणून रोज विचारतात." मी जाऊन सांगितलं. ते बराच वेळ कपाची कड अंगठ्याने चाचपत राहिले. मग म्हणाले, "बरं. हिरवा कसा आलाय, ते तरी नीट सांग." मला सांगता येईना. आठ दिवसांत मी त्या कपांकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं. आता एक सुलटा करून खिडकीशी ठेवला आहे. तारीख आहे तीच राहू दे. जमलं तर आणखी अलीकडे आण. तो हिरवा कसा आहे, ते मला अजून सांगता आलेलं नाही.