पायरीवरून पडलेला दात

रत्नागिरी, ६ मे

तीर्थरूप बाबांस मृणालीचा साष्टांग नमस्कार.

काल वेदिकाला दारात सोडलंत आणि चहासुद्धा न घेता केळशीची एसटी गाठलीत, म्हणून हे पत्र. फोनवर तुम्हाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.

तुमच्या नातीच्या पुढच्या दाताचा कोपरा उडून आतली नस उघडी पडली आहे. पायरीवरून पडले म्हणते, पण ओठाला ओरखडाही नाही! नऊ वर्षांची पोर, दाताचं मूळ अजून वाढतंय. नस मेली तर ते तिथेच थांबेल आणि दात जन्मभर कच्चा राहील. काल लगेच माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत बसवून मीच तिची नस झाकली.

नस झाकायला दोन औषधं. जुनं म्हणजे तुमच्या पानाच्या डबीतल्या चुन्याचा शुद्ध भाऊ. तो नसेवर नवा थर धरवतो, पण त्या थरात बारीक भोकं राहतात आणि तो स्वतः हळूहळू विरघळतो. नवं म्हणजे एक प्रकारचं सिमेंट. ते घट्ट बसतं, पाझर थांबवतं, मात्र त्याच्या पहिल्या प्रकाराने दात काळवंडतो. मी दात न काळवंडवणारं घेतलं. आता तीन महिने वाट पाहायची.

आईला नमस्कार सांगा.

तुमची संशयी मुलगी,
मृणाली

केळशी, ११ मे

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

सिमेंट वापरलंस हे काही मनास आलं नाही. आपल्या विहिरीचा चिरा माझ्या आजोबांनी चुन्यात बसवला, तो अजून हललेला नाही. मी सिमेंटची टाकी बांधली, ती दुसऱ्याच वर्षी गळू लागली. मागितली असतीस तर डबी दिली असती.

पायरी मात्र खरंच घातकी. फार शेवाळ धरलं होतं, घासून काढलं.

मासळीची जाळी विणणं बंद ठेवलं आहे. जेवणात लक्ष नाही. पोरीचा दात जगेल ना गं? तेवढं कळव.

तुझा बाप,
हरिश्चंद्र

रत्नागिरी, २० ऑगस्ट

ती. बाबांस नमस्कार.

आज दाताला थंड बोळा लावला. वेदिका किंचाळली आणि मी दवाखान्यात नाचले. थंड लागलं म्हणजे नस जिवंत! एक्स-रेमध्ये मूळही वाढलेलं दिसतंय. तुमचा चुना विहिरीलाच राहू द्या.

आता पायरीचं बघू. मे महिन्यात शेवाळ? आणि वेदिकाच्या फ्रॉकच्या खिशात जाळ्याला लावायची शिशाची गोळी कशी आली? ती दातांनी दाबून बसवायची तुमची खोड मला ठाऊक नाही का? सोबत पक्कड पाठवते आहे. शिसं तोंडात घालायचं नाही, तुम्हीसुद्धा.

पोरीला ओरडले नाही. नऊ वर्षांची असताना मीही त्याच पायरीवरून पडले होते. तेव्हा नस झाकणारं कोणी नव्हतं. दात मेला, काळा पडला, आणि कॉलेजपर्यंत मी तोंडावर हात धरून हसले. आईला पायरीचंच सांग, हे तुम्हीच मला पढवलं होतंत.

आईला मी अजून काही बोललेले नाही. तिच्या हाती लागण्याआधी हे पत्र फाडून टाका, आणि माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
मृणाली