आठ ओळींवरची मेथी

७८६
नातेपुते, २६ जून २०२५

चि. अर्शी हिस नानाचा सलाम आणि ओंजळभर दुवा.

फोन असताना कागद का खर्ची घातला, असं विचारशील. फोनवर बोललो की तुझी नानी ऐकते, आणि हे पत्र तिच्याविषयीच आहे.

आधी आनंदाचं. आज दुपारी चारला आपला माणूस त्या अवकाश स्थानकाच्या दाराशी लागला. आपल्या देशातला तिथं पोचलेला पहिला! मी टीव्हीसमोर उभाच राहिलो, झेंडावंदनाला राहतो तसा. नानी पलंगावरून म्हणाली की गुरुजी, बसा आता, त्यो काय तुमची हजेरी घेत न्हाय. पण त्याच्यासोबत आपल्या अर्शीच्या प्रयोगशाळेतल्या पेशीही गेल्यात म्हटल्यावर तिनंच पदर डोळ्यांना लावला. पेशी म्हणजे काय, ते मात्र मला तिला सांगता आलं नाही. अडतीस वर्षं मराठी शिकवली, चांदोबाच्या कविता पोरांकडून तालावर म्हणून घेतल्या. तिथं वर गेलेला माणूस दिवसभर करतो काय, हे कधी मनात आलं नाही. बातम्यांत सांगितलं की मेथीचं बीही नेलंय. म्हणून मीही आज कुंडीत मेथी टाकली. एक वर, एक खाली.

आता काळजीचं. मार्चमध्ये नानी मोरीत घसरली, खुब्याचं ऑपरेशन झालं, त्याला तीन महिने होऊन गेले. हाड जुळलंय, पण वॉकर धरून दोन पावलं टाकली की पाय पाण्याचे झालेत म्हणून ती बसते. परवा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, महिनाभरात चालल्या नाहीत तर पलंग कायमचा.

मी कसूर ठेवलेली नाही गं. चहा, पाणी, पानाचा डबा, जपाची तसबी, सगळं तिच्या हाताशी देतो. तिला कुशीवर वळायचेसुद्धा कष्ट पडू देत नाही. पंचावन्न वर्षं तिनं माझं केलं, आता माझी पाळी. तरी पाय का वाळत चाललेत? तुझ्या पेशींना विचारून कळव.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
नाना चांदसाब


बंगळूर, १ जुलै २०२५

ती. नाना यांस अर्शीचा सलाम. वि. वि.

पेशींना विचारलं. उत्तर गोड नाही, रागावू नका.

आम्ही वर पाठवल्यात त्या स्नायूंच्या पेशी. तिथं कशालाच भार नसतो. माणूस नुसता तरंगतो, स्वतःचं अंगसुद्धा त्याला पेलावं लागत नाही. पायांना वाटतं, आता आपलं इथं काम नाही, आणि ते झिजायला लागतात. महिनोन्‌महिने राहणारे लोक अंगाला पट्टे बांधून रोज दोन-दोन तास पळतात, तरी खाली आल्यावर लटपटतात. असं का होतं आणि त्यावर इलाज काय, हेच आम्ही शोधतोय.

तुमचं पत्र वाचता वाचता माझा चहा निवला. नाना, एक स्थानक आपल्या घरातही आहे. तिथं चहा तरंगत येतो, पाणी तरंगत येतं. नानीचा सगळा भार तुम्ही उचलून घेतलात. मग तिच्या पायांनी काय करायचं?

पाचवीत मला सायकल शिकवताना तुम्ही सीट कधीच सोडली होती आणि धरलंय, धरलंय म्हणून ओरडत मागून पळत होतात. त्याबद्दल मी अजून माफ केलेलं नाही. पण तसंच करा.

बंगळूरला निघताना डब्यात घातलेल्या शेंगाचटणीइतकाच लोभ अजून शिल्लक ठेवा.
आपली,
अर्शी


७८६
नातेपुते, ११ जुलै २०२५

चि. अर्शी हिस सलाम व दुवा.

पत्र वाचून दोन दिवस तुझ्यावर रुसलो होतो. तिसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या पलंगापासून हलवला. त्यावर शेजारच्या रंभाबाईनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, गुरुजी, म्हातारपणी बायकूला तान्हेली मारता व्हय? तांब्या परत जागेवर आला.

मग मेथीची कुंडी खिडकीतून उचलून अंगणातल्या ओट्यावर नेली. पहिलीच्या पोरांना मी एका ओळीला एक पाऊल टाकत कविता शिकवायचो ना, तसं मोजलं. पलंगापासून ओट्यापर्यंत आठ ओळी. नानीला म्हटलं, माझी कंबर धरलीय, मेथीला पाणी तू घाल. ती म्हणाली, मरू दे मेथी. मेथीनं माना टाकल्यात आणि मी पेपर उलटा धरून बसलोय. सायकलमागं पळणं सोपं होतं गं.

मात्र एक झालं. त्या अंतराळवीरालाही उतरल्यावर दोघांनी धरून उभं करावं लागेल, असं तिला सांगितलं. तिनं पानाचा डबा बाजूला सारला. मग विचारलं, एवढ्या लोकांफुडं त्येला लाज न्हाय वाटायची? तीन महिने मला वाटत होतं, तिचे पाय दुखतात.

दुवा माग, आपल्या या पत्रांच्या देवघेवीनंच आता धीर येतो.
नाना


नातेपुते, १६ जुलै २०२५

अर्शी पोरीस नानीची लई लई दुवा.

अक्षर गोड मानून घे. तुजी पत्रं मी वाचली. तुजा नाना कवितेच्या पुस्तकात लपवतो, आन त्येचं पुस्तक माज्याच उशाला असतंय की. कंबर धरल्याचं सोंगबी कळलं. माजा डोळा लागला असं वाटलं की तुजा नानाच तांब्या घिऊन मेथीकडं पळायचा. तशी कशी वाळंल मेथी?

काल टीवीवर त्या पोराला भाईर काडलं. दोगांनी दोन बाजूनं धरलेलं, पाय लटपटत हुते, आन त्यो हसत हुता. मी मनात म्हनलं, रशीदा, आबाळातनं आलेला पोरगा हसतोय, आन मोरीत पडलेली तू लाजत बसलीस?

तुजा नाना टीवीफुडं टाळ्या वाजवत हुता. मी वॉकर धरला आन उटले. त्येच्या त्या ओळी मलाबी पाट हायत, पंचावन्न वर्सं ऐकतीय. पाचव्या ओळीला पाय अडला. तवा मागनं आवाज आला, धरलंय मी, धरलंय. वळून बगितलं तर म्हाताऱ्यानं दोनी हात पाटीमागं घट्ट बांदलेले, आन डोळ्यांतनं धार.

आटव्या ओळीला मेथी. पाणी घातलं. तितंच ओट्यावर बसले, रंभाबाईला हाक मारली आन बगून घे म्हनलं.

तुज्या पेशींनाबी माजा सलाम सांग. चहा अजून त्यानंच करायचा, हे मी बजावलंय. पर चुलीपतूर किती ओळी हायत, ते सकाळधरनं मोजत बसलाय लबाड. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.

तुजी,
नानी रशीदा