पिकलबॉल, हे आणि मी

१८ नोव्हेंबर
नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, सरांना घरात बसू देऊ नका, पाय हलले पाहिजेत. पण फिरायला हे तयार नाहीत. "पेन्शनरासारखं रस्त्यानं चालू का?" शेवटी आज दातांच्या डॉ. किरणताई सकाळी गाडी घेऊन दारात. नाही म्हणता आलं नाही, शाळेत ह्यांची विद्यार्थिनी होती ती.
मंगल कार्यालयाच्या मागं, जिथं वऱ्हाडाच्या गाड्या लागतात, त्या काँक्रीटवर तिनं पांढऱ्या पट्ट्या मारून घेतल्यात. बुटकी जाळी, भोकाभोकाचा प्लास्टिकचा चेंडू, भाकरीएवढी बॅट. पिकलबॉल म्हणतात.
ह्यांनी बॅट धरली. कंपवाताचा तो उजवा हात मारताना कापला नाही. मी बघितलं. किरणताईनंही.
चौथं माणूस नव्हतं म्हणून मला उभं केलं. साडीवर. एकही चेंडू लागला नाही.

२४ नोव्हें.
काल लग्न, खेळ बंद. हे दिवसभर करवादलेले. "लोकायला काय रोजच लग्नं काढायची असतेत?" लई दिवसांनी कशासाठी तरी चिडले. बरं वाटलं.
आज कोर्टभर अक्षता. मी न् नसीमभाभीनं झाडून काढल्या. भाभी आमच्याच गल्लीतली, कापडदुकानवाली. पंजाबी ड्रेस, खाली पोराचे बूट, आणि मारते अशी की बघत राहावं.

१ डिसेंबर
आता मीही ड्रेस घालते. जाळीजवळच्या पट्ट्याला किचन म्हणतात. तिथं उभं राहून चेंडू वरच्या वर मारला की पॉइंट गेला. माझा दर वेळी जातो. हे ओरडले, सगळ्यांसमोर: "घरात किचन सोडीनास, इथंबी सोडीनास व्हय!"
हसले सगळे. मीपण. पण घरी येऊन भांडी आपटली.

९ डिसें.
गच्चीवर वाळवणाची दोरी खाली बांधून हे मला शिकवायलेत. जोरात नाही, अल्लाद. दोरीवरून पलीकडं नुसता टाकायचा. "मनगट न्हाई, खांदा. तू पोळी लाटतीस तसं करून राहिलीस. सोड ते." तीस वर्षं पोरांना खो-खो शिकवला ह्यांनी. मला आयुष्यात पहिल्यांदा काही शिकवलं असेल.
संध्याकाळी एक चेंडू बरोबर पडला. लगेच दुसरा. "आता कळलं," म्हणाले.
सांगायला लाज वाटते, पण स्वयंपाक करताना हात हवेत तसाच फिरत होता.

१५ डिसें.
आम्ही दोघं एका बाजूला. किरणताई-भाभीला हरवलं!! हे मागं, मी पुढं. मागून आवाज, "सोड… घे… सोड." नुसतं ऐकायचं.
पूजाला पुण्याला फोन केला. म्हणाली, आई, तुझा आवाज वेगळाच येतोय.

२६ डिसें.
हे पडले.
चेंडू समोर आला, पाय उचललाच नाही. जमिनीला चिकटल्यासारखा. अंग पुढं गेलं न् पाय तिथंच. गुडघा, कोपर सोललं. किरणताई धावली. हे म्हणाले, "चप्पल अडकली."
पायात बूट होते.

३ जानेवारी
नांदेड. गोळी वाढवली. मी विचारलं, खेळायला लागल्यापासून सुधारले होते ना? डॉक्टर म्हणाले, "खेळल्यानं दिवस चांगले जातात. आजार मागं सरत नसतो, बाई."
खेळू द्या, पण पडू देऊ नका, असंही म्हणाले. म्हणजे कसं?
येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले. वारंगा फाट्याला चहा आणून दिला, अर्धा हातावर सांडला. पुसू दिला नाही.

१२ जाने.
हल्ली त्यांच्याकडं सगळे हळू चेंडू टाकतात. अगदी बॅटवर आणून देतात. मला आधी कळलं, ह्यांना आज कळलं. खेळ मध्येच थांबवला.
"किरण, हे काय करायलीस?"
"काय सर?"
"मला लेकरू समजून चेंडू टाकायलीस. मी पोरींनाबी असं खेळू दिलं न्हाई कधी."
ती रडकुंडीला आली. ह्यांनी बॅट खुर्चीवर ठेवली न् चालत निघाले. घरापर्यंत. मी मागं मागं. वाटेत दोनदा पाय अडकला, दोन्ही वेळा मी दुसरीकडं बघितलं.

१४ जाने.
संक्रांत. भाभी तिळगूळ घ्यायला आली. "सर, आओ ना कल से." हे म्हणाले, बस झालं आता.
मग माझ्याकडं बघून, "तू जा."

२ फेब्रुवारी
जाते. आधी आठवड्यातून एकदा म्हणलं होतं, आता रोज. त्यांचा चहा, गोळी, शर्टाची बटणं, मग जाते.
खरं लिहिते. तिथं गेलं की हे आठवत नाहीत. तासभर अजिबात नाहीत. चेंडू, पाय, जाळी, भाभी. परत येताना चौकात आले की आठवतात, न् पाय भराभर उचलते.

१० फेब्रु.
किरणताईला एकटीनं हरवलं. नीट, खेळून. गुणगुणतच घरात आले. हे पलंगावर, सदऱ्यात एकच हात घातलेला. दुसरी बाही सापडत नव्हती. किती वेळचे बसले होते काय माहीत.
"जिंकलीस का?"
"हरले."
दुपारी भाभीनं गल्लीतूनच ओरडून सांगितलं त्यांना. संध्याकाळी हे म्हणाले, "खोटं काहून बोललीस? माझ्यासाठी हरायचं न्हाई. ती किरण करत होती तेच तू करायलीस."

२१ फेब्रु.
गावात सगळीकडं हळद शिजवण्याचा वास. ह्यांना वास येतच नाही आता. सकाळी विचारलं, हळदी सुरू झाल्या का? मी हो म्हणाले. खिडकीत भट्टीचा धूर येत होता.
जेवताना ठसका. तोंड निळं पडलं. पाठीवर मारलं, पाणी… कसंबसं. वरणभात मऊ करून देते आता.

२६ फेब्रु.
नांदेडला बायकांच्या जोड्यांचे सामने आहेत. पंचेचाळीसच्या वरच्या. भाभीला माझ्याबरोबर जायचंय. "आपन दोनों जीतते, लिख के देती." दोन दिवस राहावं लागेल.
मी नको म्हणाले.
हे आतून, "काहून नको? जा की. मी राहतो एकटा."
एकटे. परवा संडासाची कडी आतून उघडता येईना, मी दाराबाहेर, हे आत. शेजारच्यानं दार उचकटलं.
पूजा म्हणते, तू जा, मी येते. मग म्हणाली, सुट्टीचं बघते. मग फोनच नाही.

४ मार्च
पूजाला सुट्टी नाही. तिच्यावर राग नाही माझा. असावा का?
दोन दिवस सोबतीला माणूस ठेवावं म्हणलं तर हे भिंतीकडं तोंड करून झोपले.

८ मार्च
आज सकाळी स्वतःच म्हणाले, "मला ने."
रिक्षानं नेलं. सगळे थांबले, कोर्ट मोकळं करून बाजूला उभे राहिले. ते तसं उभं राहणंच मला सहन होईना. हे एका बाजूला, मी दुसऱ्या. सर्व्हिस करायला चेंडू सोडायचा तर बोटं उघडेनात. उघडली तोवर चेंडू मागं घरंगळला. परत. परत. मग म्हणाले, "तू कर."
मी अल्लाद टाकला.
"नांदेडला असाच टाकणारेस का?"
"तुम्ही नांदेडच्या बायका नाही."
"मार. मला बघू दे तुझा मार."
मी मारला. सगळा खांदा लावून. चेंडू जाळीच्या दोन बोटं वरून गेला न् सरळ ह्यांच्या नडगीवर. हलले नाहीत. बॅटही हलली नाही. आवाज आला तेवढा. किरणताई "अगं बाई!" म्हणून पुढं आली, ह्यांनी हातानं थांबवलं.
मार चांगला बसला होता. माझ्या आजवरच्या सगळ्यांत चांगला. खांद्यापर्यंत कळलं मला, न् एक क्षण आनंदच झाला. ह्यांच्याकडं नंतर बघितलं.
ते मान हलवत होते. आजारानं का कौतुकानं, ओळखू आलं नाही. विचारलंही नाही.
भाभी रिक्षापर्यंत आली. "नाव उद्यापर्यंत द्यायचंय. देऊ का?" हे आत बसलेले, त्यांना ऐकू गेलं असणार. मी त्यांचा पाय उचलून आत घेतला, नडगीवर लाल वळ उठला होता. रिक्षावाला म्हणाला, निघू का?
घरी येऊन वळावर बर्फ लावला. हे झोपलेत. भाभीचा फोन दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजतोय.