जास्त तापलेली पुंगळी

९ ऑक्टोबर, गुरुवार

पोहोचलो. गावाच्या पाटीवर लोकसंख्या लिहिलेली आहे, पण कुणीतरी तिच्यावर छर्रे झाडल्यामुळे शेवटचा आकडा वाचता येत नाही. माझ्या येण्याने तो चुकला असेल तर क्षमा असावी.

सव्वीस वर्षं बातमीदारी केली, साप्ताहिक बंद पडलं, आणि बावन्नाव्या वर्षी मी शिकाऊ उमेदवार झालो. गुरू एनार स्कार, वय अठ्ठ्याहत्तर. एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम पंचवीस तारखेला उघडतो. त्याआधी या खोऱ्यातलं प्रत्येक घर आपल्या झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या कॉफीच्या डब्यात घालून एनारकडे आणून देतं आणि तो त्या पुन्हा भरून देतो. दुकानातलं काडतूस वापरणं म्हणजे पाहुणे आल्यावर बाहेरून जेवण मागवणं, अशी इथली समजूत दिसते. एनारच्या बोटांची संवेदना गेली आहे. त्या बोटांच्या जागी माझी नेमणूक.

त्याची मुलगी राग्ना पलीकडच्या घरात राहते. गुरांची डॉक्टर. रात्री जेवण तिने आणलं, भाजलेलं एल्कचं मांस आणि बटाटे. पेपरवाल्यांना बारीक कापून द्यावं लागतं का, असं तिने वडिलांना विचारलं, मला नाही. मी तत्परतेने नकार दिला आणि अर्धा तास चावत बसलो. ती शेवटपर्यंत समोर बसून पाहत होती. प्रवास एकंदरीत सार्थकी लागला.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज दीक्षाविधी. पितळ वारंवार झाडलं आणि दाबलं की कडक होतं, आणि पुंगळीची मान चिरते. म्हणून मानेला ताव देऊन ती मऊ करायची. यंत्र साधं आहे. खाचा असलेलं एक चाक, त्याला फिरवणारी छोटी मोटर, बाजूला गॅसची ज्योत. प्रत्येक पुंगळी ज्योतीपुढे पाच सेकंद थांबते आणि खालच्या परातीत पडते. शेडच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, कारण मानेवरची पहिली लाली अंधारातच दिसते. भर दुपारी आम्ही दोन म्हातारे अंधारात बसून पितळाचं लाजणं पाहत होतो.

मान मऊ, बूड कडक, हे या शास्त्राचं पहिलं आणि शेवटचं सूत्र. बुडापर्यंत ताव गेला तर झाडताना बूड फुटतं, आणि जो वायू गोळीला पुढे ढकलायचा तो बंदुकीच्या बोल्टमधून, म्हणजे मागच्या खिट्टीतून, मागे, गाल टेकवलेल्या माणसाच्या तोंडावर येतो. एनारने हे अतिशय शांतपणे सांगितलं. मग नियम सांगितला. ताव दिलेल्या पुंगळ्या पांढऱ्या टॉवेलवर मांडायच्या आणि उजेडात एकेक पाहायची. तावाची निळसर रेघ पुंगळीच्या खांद्याच्या जरा खाली असेल तर ठीक. ती बुडाकडे उतरलेली दिसली तर पुंगळी हातोडीने चेपून फेकायची. हे झाल्याशिवाय घासायच्या पिंपात काहीही घालायचं नाही, कारण घासल्यावर रेघ जाते आणि चांगली-वाईट सारखीच चमकते.

पूर्वी हे आपल्या हाताला आपोआप कळायचं, म्हणाला. दाबयंत्राचा दांडा ओढला की मऊ पितळ बोटांना वेगळं लागायचं. आता काही लागत नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

पहिलं स्वतंत्र काम. दोन डबे, बर्डेट नॅपबाईंचा आणि राग्नाचा, प्रत्येकी चाळीस. सगळं यथासांग चाललं होतं, तोच दारावर थाप. बर्डेटबाई अ‍ॅपल पाय घेऊन आल्या होत्या. वय ऐंशी, हातात काठी, कान तल्लख. अंधार मोडू नये म्हणून मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं. पेपरात असताना किती खोटं छापलं, तुझं लग्न का मोडलं, आणि राग्नाकडे टक लावून पाहतोस हे खरं का, असे तीन प्रश्न त्यांनी एका दमात विचारले. पहिल्या दोन प्रश्नांना मी उत्तर दिलं.

आत आलो तर चाक छान फिरत होतं. सगळ्या पुंगळ्या परातीत. अ‍ॅपल पाय गरम होता आणि मन प्रसन्न. दोन्ही डबे एकामागून एक पिंपात अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात घातले. संध्याकाळी बाहेर काढले तर सोन्यासारखे.

टॉवेल घडी केलेलाच राहिला. हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

१२ ऑक्टोबर, रविवार

एनारने एक पुंगळी उचलून खिडकीशी धरली. खूश झाला. मग विचारलं, उजेडात पाहिलीस ना?

हो म्हणालो. इतकं सहज, की मलाच खरं वाटलं.

त्याने आज राग्नाच्या चाळीसही पुंगळ्यांत दारू भरून गोळ्या बसवल्या. हंगामातलं पहिलं काम दर वर्षी मुलीचंच असतं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज चाक थांबलं, माझ्या डोळ्यांदेखत.

ज्योतीपुढे एक पुंगळी होती. मान लाल झाली. मग खांदा. मग लाली खाली उतरू लागली, पाणी जमिनीत मुरावं तशी, आणि बुडाला पोहोचली. मी गॅस बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात चाक आपणहून हललं, पुंगळी परातीत पडली, आणि पुढची पाच सेकंद बरोबर थांबून पुढे गेली. जणू काही झालंच नाही. मी दाराबाहेर असतो तर मला काही कळलंच नसतं.

शनिवारी मी दाराबाहेर होतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

एनारला यंत्र अडकल्याचं सांगितलं. त्याने मोटर उघडली. गरम झाल्यावर एक जोड सुटायचा आणि आपोआप पुन्हा जुळायचा. वेळीच पाहिलंस, म्हणाला, आणि पाठ थोपटली. बोटांना काही लागत नसताना माणूस किती जोरात थोपटतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. राग्ना दारात उभी होती. तिने विचारलं, अहो पेपरवाले, बाबांची शाबासकी मिळाली म्हणजे आता जेवायला भाव खाणार का? मी तोंड मिटलं.

बिघडलेली एक असेल. सात असतील. एकही नसेल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बर्डेटबाईंच्या पुंगळ्या अजून भरलेल्या नाहीत. कडक पितळ दगडावर टाकलं की वाजतं. मऊ पितळ बद्द पडतं. दुपारभर एकेक टाकून ऐकली. टिंग. टिंग. टिंग. चाळीसही वाजल्या.

म्हणजे त्यांच्यात नाही.

राग्नाच्या भरून झाल्या आहेत. भरलेलं काडतूस वाजत नाही. सगळीच बद्द पडतात.

१९ ऑक्टोबर, रविवार

तिच्या दोन्ही पेट्या फळीवर होत्या. एनार चर्चला गेला तेव्हा उघडल्या. चाळीस सारखीच. बोटाने दाबली, दाताने चावून पाहिली, दगडावर टाकली. बद्द. बद्द. बद्द.

रात्री ती टेबलावर चमचा ठेवते तोही बद्द पडतो. माझा वाजतो. फक्त तिचा.

पेट्या चोरायच्या? तिला त्या मोजून हव्या असतात. एनार विचारेल. मग सांगावं लागेल. मग सांग की. सांग.

२२ ऑक्टोबर, बुधवार

नाही सांगितलं. कारण लिहायला बसलो तर बारीक निघतं. इथे पहिल्यांदा कुणी माझी जेवायला वाट पाहतं. एवढंच.

मोटरची वायर काढून ठेवली आहे. तरी शेडच्या बाजूने परातीत काहीतरी पडल्याचा आवाज येतो. वाजत नाही. बद्द.

तिघे जण जेवणाच्या टेबलाशी होतो. त्या दोघांना ऐकू आलं नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज वाटप. हंगामाच्या आदल्या दिवशी सगळं खोरं शेडपाशी येतं, आपापल्या पेट्या घेतं, कॉफी पितं, एकमेकांच्या नेमाची टिंगल करतं. राग्नाने पेट्या खोगिराच्या पिशवीत टाकल्या. मी तिचा घोडा धरला होता. लगाम माझ्या हातात होता, आणि मी म्हणालो, जपून जा. तेवढंच. जनावराला सांगताय की मला, असं विचारून ती हसत निघाली. कड्यावरच्या तळावर एकटीच.

ती दिसेनाशी झाल्यावर एनारपाशी गेलो. सगळं सांगितलं. टॉवेल, अ‍ॅपल पाय, दार, हो म्हणालो ते.

तो ओरडला नाही. त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "उजेडात पाहिलीस का, एवढंच विचारलं होतं रे मी तुला."

वायरलेसवर हाका मारल्या. शिकारीला गेलं की राग्ना आपलं वायरलेस बंद ठेवते. वर बर्फ पडतंय. बचाव पथक पहाटेपूर्वी निघणार नाही. एनारने काठी घेऊन फाटकापर्यंत चालायचा प्रयत्न केला. त्याला बर्डेटबाईंनी आत नेलं.  मग मला म्हणाल्या, "नकाशा घे. आणि आता उभा राहू नकोस इथे."

निघतो.

२५ ऑक्टोबर, शनिवार. उजाडतंय.

तळावर ती नव्हती. निखारे गरम होते. एक पेटी उघडी, पाच काडतुसं कमी.

तिच्या पावलांवरून आलो. घसरलो. डावा पाय गुडघ्याखाली वाकडा — चालता येत नाही.

ती दिसते आहे. दरीपलीकडे, नारिंगी जाकीट. हाक मारली तर वारा माझ्याच तोंडात परत कोंबतो.

—

दोन्ही हात हलवले. तिने पाहिलं. तिनेही हात वर केला. मग माझ्याकडे नाही, खाली दरीत पाहिलं.

इथे दुरून हात हलवण्याचा अर्थ एकच. खाली जनावर आहे.

आणि आहे. पाच माद्या आणि एक नर. मीच दाखवले —

ती पोटावर झोपली. आता हात हलवायचे नाहीत. हात स्थिर राहावेत म्हणून लिहितोय. हात हलवला की तिला वाटेल अजून आहेत — अजून इकडे —

एनार, तिला माझी चूक सांगताना काही सौम्य करू नका.

—

जनावरं पळवायला हवीत. ओरडलो. घसा फुटेपर्यंत. दगड फेकले. पळाली — पण वर, तिच्याच अंगाने. तिने माझ्याकडे पाहून अंगठा वर केला. आभार मानते आहे ती माझे —

गाल बंदुकीच्या दस्त्यावर —

—

वाजलं.

वाजलं. तिने डोकं वर केलं. दोन्ही हात दिसतात. चेहरा दिसतो. चांगली होती. चांगली होती ती पुंगळी, चाळीसही चांगल्याच असतील, मीच वेडा, मीच —

नर पडला नाही. अडखळत वर चाललाय.

ती जखमी जनावर सोडत नाही. सोडणार नाही. बोल्ट मागे ओढते — राग्ना, नको, जाऊ दे त्याला — दुसरं काडतूस आत — गाल पुन्हा —